आजीच्या पोटातला गोळा

"घरात अजून कुणाला असं काही आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सोनोग्राफीची फिल्म त्यांनी खिडकीकडं धरली होती. करड्या रंगात काळे काळे गोल दिसत होते. लहान, मोठे, एकमेकांना खेटलेले.

"नाही," दादा म्हणाले. "आमच्यात कुणालाच नाही."

२००४ सालची गोष्ट, अंबाजोगाईची. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते, बावीस वर्षांची. हे खरं नाही, हे मला माहीत होतं. आजीला होतं.

आजी १९८९ च्या उन्हाळ्यात गेली, तेव्हा मी सात वर्षांची होते. तिच्याच वाकळीत झोपायचे. झोपेत हात तिच्या पोटावर पडला की ती तो हळूच उचलून बाजूला ठेवायची. "तिथं नको माय, गोळा दुखतो." त्या पोटाचा स्पर्श माझ्या तळहाताला अजून आठवतो. वरून कातडी मऊ, आणि खाली गोट्यांनी भरलेली पिशवी असावी तसं काहीतरी. दोन्ही कुशींना. गावात सगळे त्याला वायगोळा म्हणायचे. कुणी ओव्याचं पाणी दिलं, कुणी पोटावर डाग दिले. त्या डागांच्या खुणाही मी पाहिल्यात. शेवटी तिची लघवी कमी झाली, तोंड सुजलं, अन्नाचा वास नकोसा झाला आणि महिनाभरात ती गेली. दाखल्यावर काय लिहिलं होतं कुणास ठाऊक. घरात मात्र 'गोळ्यानं गेली' एवढंच म्हणत राहिले.

परतीच्या एसटीत मी दादांना विचारलं, "आजीचं का नाही सांगितलं?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तुझं जमू दे आधी."

लातूरकडचं एक स्थळ तेव्हा चालून आलं होतं. डॉक्टरांच्या खोलीत आणखी चार माणसं बसली होती, त्यातलं एक आमच्या ओळखीतलं. 'त्यांच्या खानदानात किडनीचा रोग आहे' हे वाक्य तिथून निघून आमच्या गावी पोचायला एक आठवडाबाजार पुरला असता. दादांवर मी कधी रागावू शकले नाही, ते यामुळंच. त्यांचं ते 'नाही' माझ्यासाठी होतं.

डॉक्टरांनी क्रिएटिनिन पाहिलं, किडनी नीट चालते का ते सांगणारं रक्तातलं रसायन. ते नॉर्मल होतं. "पाण्याच्या गाठी आहेत, काही होत नाही," असं सांगून त्यांनी फिल्म पाकिटात घालून दिली. रक्तदाब कुणी मोजला नाही. पॉलिसिस्टिक किडनी हे या आजाराचं नाव मला फार पुढं कळलं. ते पाकीट आईच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली नऊ वर्षं पडून होतं.

लग्नानंतर मी छत्रपती संभाजीनगरला आले आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. काम हिस्टोपॅथॉलॉजीचं. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव किंवा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये येतो. तो मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, काचेवर पसरायचे, जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे. तपासायचं काम मॅडमचं, पण मला पाहायची सवय लागली. एके दिवशी एक किडनी आली. चांगली किडनी मुठीएवढी असते, दीडशे ग्रॅमच्या आसपास. ही बादलीतून आली होती आणि काट्यावर दोन किलोंच्या वर भरली.

मी बालाघाटातली. मला ती पाहताच सीताफळ आठवलं. पिकायला आलेलं, डोळे मोठे झालेलं सीताफळ. तसाच सगळा पृष्ठभाग उंचवट्यांचा, फक्त हिरव्याच्या जागी करडा, पिवळसर आणि कुठं कुठं काळपट. मॅडमनी सुरी फिरवली तसं एकेक डोळ्यातून पाणी वाहू लागलं. एकातून गवती चहासारखं स्वच्छ, दुसऱ्यातून गढूळ, तिसऱ्यातून जुन्या रक्तामुळं काकवीसारखं तपकिरी. आजीच्या पोटावरचा माझा हात याच डोळ्यांवर पडत होता.

त्या रात्री मी घरी जाऊन जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्लाइड तयार झाली आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

तिथं जे दिसलं ते नीट सांगायचं, तर आधी किडनीची नळी समजून घ्यायला हवी. एका किडनीत अशा नळ्या साधारण दहा लाख असतात. रक्त गाळून जे पाणी निघतं ते या नळ्यांमधून जातं आणि जाता जाता त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतलं जातं. दिवसाला दोन्ही किडन्या मिळून सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, आणि त्यातलं दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर सोडतात. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर आला तो आत्याच्या दारातला निळा पिंप. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा आत्या तिथंच राहायची. टँकर आला की २०० लिटरचा तो पिंप भरून घ्यायचा आणि पुरवायचा. आपल्या दोन मुठींएवढ्या किडन्या रोज जवळजवळ तेवढा पिंप गाळतात आणि तांब्याभर सोडून बाकी सगळं परत करतात. मराठवाड्यातल्या माणसाला या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

हे काम नळीच्या भिंतीतल्या पेशी करतात. भिंत एकाच थराची, पेशीला पेशी लागून. प्रत्येक पेशीला दोन तोंडं. एक आतल्या पाण्याकडं, दुसरं बाहेर रक्ताकडं. कोणता पंप कोणत्या तोंडाला बसवायचा हे ठरलेलं असतं, त्यावरच सगळं चालतं. आणि आतल्या तोंडावर एक बारीकसा तंतू उभा असतो, सिलियम. प्रत्येक पेशीला एकच. कित्येक दशकं शास्त्रज्ञांना वाटायचं की हा तंतू उत्क्रांतीत मागं राहून गेलेला, बिनकामाचा अवशेष आहे. १९९९ मध्ये एका सूक्ष्म कृमीत असं दिसलं की एक जनुक बिघडलं की नरांना जवळची जोडीदारीण ओळखता येत नाही. ते जनुक आपल्या किडनीच्या या आजारातल्या जनुकाचं भावंड निघालं, आणि त्याचं प्रथिन त्या कृमीच्या अशाच तंतूंवर सापडलं. पुढच्याच वर्षी दिसलं की डबक्यातल्या एका हिरव्या शेवाळाला शेपटी उगवण्यासाठी जे जनुक लागतं, तेच उंदरात बिघडलं की किडनीतले सिलियम खुरटतात आणि किडनी गाठींनी भरते. माझ्या आजीच्या पोटातलं दुखणं कळायला कृमी आणि शेवाळ कामी यावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

या तंतूवर पॉलिसिस्टिन नावाची दोन प्रथिनं एकमेकांना धरून बसलेली असतात. पहिल्याचं जनुक सोळाव्या गुणसूत्रावर, दुसऱ्याचं चौथ्यावर. बहुतेक घराण्यांत बिघाड पहिल्यात असतो. आजार पुढं जायला आईकडून किंवा वडिलांकडून एक बिघडलेली प्रत येणं पुरतं. प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. आधीच्या भावंडाचं काय झालं याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पण सगळ्यात जास्त दिवस मी विचार केला तो याच्या पुढच्या गोष्टीचा. बिघडलेली प्रत तर अंगातल्या प्रत्येक पेशीत असते. मग गाठी सगळीकडं का होत नाहीत? दहा लाख नळ्यांतल्या थोड्याच, शंभरात पाचाहून कमी, फुगतात. कारण दुसरी प्रत चांगली असते आणि ती एकटी निभावून नेते. वर्षानुवर्षं. मग कधीतरी, कुठल्यातरी एका पेशीत ती चांगली प्रतही बिघडते, आणि गाठ त्या एका पेशीपासून सुरू होते. १९९६ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या गाठींच्या पेशी तपासल्या, तर एका गाठीतल्या सगळ्या पेशी एकाच पेशीची लेकरं निघाली, आणि प्रत्येक गाठीतला दुसरा बिघाड तिचा तिचा वेगळा. पुढं असंही दिसलं की दुसरी प्रत पुरती जायलाच हवी असं नाही, प्रथिन एका पातळीखाली उतरलं तरी पुरतं. म्हणजे आजीकडून दादांकडं आली ती फक्त अर्धी गोष्ट होती. उरलेली अर्धी दादांच्या किडनीत, शेकडो ठिकाणी, शेकडो वेळा नव्यानं घडली. 'खानदानी रोग' या शब्दात हे कुठंच येत नाही.

त्या एका पेशीचं काय होतं? पॉलिसिस्टिन गेलं की पेशीच्या आतलं कॅल्शियम उतरतं आणि सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या वाढतो. चांगल्या पेशीला तो 'थांब' असं सांगतो, पण या पेशीला मात्र 'वाढ' असं सांगतो. पेशीची दोन होतात, दोनाची चार. नळी लांबीच्या दिशेनं राखायची तर पेशींनी एका ओळीत दुभंगायला हवं. इथं दिशाच सुटते आणि नळीला बाजूनं फुगा येतो. फुगा दोनेक मिलिमीटरचा झाला की बहुधा नळीपासून तुटतो. आता त्याला आत यायला वाट नाही, बाहेर जायलाही नाही. तरी तो भरत जातो, कारण आयुष्यभर पाणी परत घेणारी पेशी आता उलटी वागायला लागलेली असते. ती क्लोराइड आत फेकते आणि त्याच्यामागं पाणी जातं. पेशींना वाढ म्हणून सांगणाऱ्या रसायनाला पकडणारं प्रथिन एरवी रक्ताच्या बाजूला असतं, ते इथं गाठीच्या आतल्या तोंडावर येऊन बसलेलं सापडतं, आणि नेमकं तेच रसायन गाठीच्या पाण्यात असतं. गाठ स्वतःच स्वतःला पोसते.

संभाजीनगरात मलिक अंबरनं सतराव्या शतकात बांधलेल्या नहरीचे अवशेष आहेत. जमिनीखालून डोंगराचं पाणी शहरात आणणाऱ्या नळ्या. भाचरांना किडनी समजावताना मी त्या नहरीचा दाखला देते, पण थोडं पुढं गेलं की तो दाखला अपुरा पडतो. नहरीची भिंत फुटली तर पाणी वाया जाईल, एवढंच. तिच्या विटा आपापल्या वाढायला लागल्या, ओळ सोडून बाजूला घर करून बसल्या आणि शेजारच्या नळ्या दाबायला लागल्या, असं कुठं होतं? जिवंत भिंतीचंच हे दुखणं.

तर स्लाइडवर मला काय दिसलं? एक मोठी पांढरी पोकळी, आणि तिच्या कडेनं चपट्या पेशींची एक ओळ, ताणून ताणून कागदासारखी झालेली. केंद्रकं दूर दूर, रस्त्यावरच्या दिव्यांसारखी. आणि दोन पोकळ्यांच्या मधल्या बोळात, गुलाबी जाड धाग्यांच्या गर्दीत, तीन-चार साध्या नळ्या. गोल, चौकोनी पेशींच्या, अगदी पुस्तकात असतात तशा. चारी बाजूंनी दाबलेल्या, तरी शाबूत. त्या नळ्यांवर मी काच थांबवली आणि बराच वेळ हलवली नाही.

क्रिएटिनिन वर्षानुवर्षं नॉर्मल येतं ते या नळ्यांमुळं. शेजारच्या चिरडल्या गेल्या की उरलेल्या त्यांचंही काम ओढतात. रक्ताच्या रिपोर्टात काही दिसत नाही. आत मात्र किडनी वाढत असते, सरासरी वर्षाला पाच टक्के. हे चक्रवाढ आहे, चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट. सावकाराचं कर्ज पाहिलेल्या गावात हे गणित कुणालाही कळेल. फुगलेल्या गाठींनी रक्तवाहिन्या दाबल्या जातात, किडनीला वाटतं रक्त कमी पडतंय, ती दाब चढवणारं रसायन सोडते. म्हणून रक्तदाब फार आधी, कधी कधी विशी-तिशीतच वाढतो. २००४ मध्ये दादा ४९ वर्षांचे होते. त्या दिवशी दंडाला पट्टा बांधला असता तर कदाचित कळलं असतं. रक्तदाबाची साधी गोळी सुरू झाली असती. किती वर्षं मिळाली असती हे मी सांगू शकत नाही, पण ती नऊ वर्षं ट्रंकेत गेली याचं दुःख आजही तेवढंच आहे.

२०१३ मध्ये दादांना डायलिसिस लागलं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. हातावर फिस्टुला केला होता, म्हणजे डायलिसिससाठी धमनी शिरेला जोडली होती. त्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरावं तशी थरथर लागायची. दादा झोपले की आई मधूनच उठून त्यावर हात ठेवून बघायची, चालू आहे ना. एका डायलिसिसला मशीनमधून साधारण १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी जातं. २०१६ च्या दुष्काळात सेंटरला टँकर यायचे, आणि टँकरला उशीर झाला की बाहेर बाकावर बसलेली माणसं रस्त्याकडं डोळे लावून बसायची. आणि त्याच दादांना दिवसभरात प्यायला मोजून एक लिटर. सीताफळ तर बंदच, पोटॅशियममुळं. मोसमात रानातून पाटी यायची. दादा एक फळ हातात घ्यायचे, अंगठ्यानं डोळा दाबून बघायचे आणि "आज होतंय हे," म्हणून नातीच्या हातात द्यायचे.

मी माझी किडनी द्यायला तयार होते. १९९४ च्या कायद्यानं मुलगी देऊ शकते. पण आधी मला तो आजार नाही हे नक्की व्हायला हवं होतं, आणि तेव्हा ते सोनोग्राफीवरून छातीठोक सांगण्याइतकं माझं वय नव्हतं. जनुकाची तपासणी करते म्हटलं तर दादा म्हणाले, "लेकीचं घेऊन मी कुठं जाणार आहे?" तो विषय त्यांनी पुन्हा निघूच दिला नाही. २०१८ मध्ये ते गेले. आत्याच्या किडन्या अजून चालतात, पण तिच्या यकृतातही गाठी आहेत. बायकांमध्ये त्या जास्त वाढतात. ती वाकून घागर उचलू शकत नाही.

चाळिशीनंतर सोनोग्राफीत दोनपेक्षा कमी गाठी दिसल्या तर हा आजार नाही असं धरतात. एक्केचाळिसाव्या वर्षी माझी सोनोग्राफी झाली. एकही गाठ नव्हती. रिपोर्ट घेऊन बाहेर आले आणि पहिला फोन भावाला लावायचा होता, तो लावता येईना. त्याच्या दोन्ही किडन्यांत गाठी आहेत हे आम्हाला आधीच कळलं होतं. एकाच आईबापाची दोन लेकरं, मधे फक्त ते निम्मं-निम्मं. शेवटी त्यानंच फोन केला. "निघालं का काही?" मी नाही म्हटलं तर तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "चला, एक तर सुटली."

भाऊ एसटीत वाहक आहे. त्याचा रक्तदाब आता बांधलेला आहे, मीठ कमी आहे. टोलव्हाप्टान नावाचं एक औषध आहे. शरीराला 'पाणी धरून ठेव' असं सांगणारं जे संप्रेरक असतं, तेच या पेशींत सायक्लिक एएमपी वाढवतं, आणि हे औषध त्याची वाट अडवतं. १४४५ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २०१२ मध्ये आले. किडनीची वाढ वर्षाला साडेपाच टक्क्यांवरून २.८ वर आली होती. पण ते घेतलं की माणूस दिवसभर पाणी पितो आणि दिवसभर लघवीला जातो, शिवाय यकृताच्या तपासण्या सतत कराव्या लागतात. अंबाजोगाई-पुणे गाडीवरच्या माणसानं दर अर्ध्या तासाला गाडी कुठं थांबवायची? डॉक्टरांनी आणि त्यानं मिळून सध्या नको असं ठरवलंय. नुसतं भरपूर पाणी प्यायलं तर काम होईल, असं आम्हालाही वाटायचं. ऑस्ट्रेलियात १८४ जणांवर तीन वर्षं ते करून पाहिलं. किडनीच्या वाढीत फरक पडला नाही.

आणि एक बातमी मी लॅबमधल्या माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलीय. २०२१ मध्ये उंदरांच्या किडनीत गाठी झाल्यावर ते गेलेलं जनुक पुन्हा चालू करून पाहिलं. गाठी आटल्या. कागदासारख्या चपट्या झालेल्या पेशी पुन्हा चौकोनी झाल्या, नळीसारख्या. उंदरांतली गोष्ट आहे, भावापर्यंत ती कधी येईल ते ठाऊक नाही. पण त्या चपट्या पेशी मी डोळ्यांनी पाहिल्यात. त्या परत फिरू शकतात, हे वाचलं तेव्हा मी लॅबच्या जिन्यात जाऊन रडले.

हे सगळं कळलं ते कुणामुळं, याचाही मी विचार करते. डेन्मार्कमध्ये डालगार्ड नावाच्या डॉक्टरांनी २८४ रुग्ण आणि त्यांची घराणी धुंडाळून १९५७ मध्ये दाखवलं की हा आजार पिढीतून पिढीत निम्म्या शक्यतेनं जातो. १९९४ मध्ये सोळाव्या गुणसूत्रावरचं जनुक हाती लागलं, ते एका पोर्तुगीज घरामुळं. आई आणि मुलीचं सोळावं गुणसूत्र नेमकं त्या जनुकात तुटून दुसऱ्याशी जोडलं गेलं होतं. त्या मायलेकींनी कुणाला तरी सगळं सांगितलं, रक्त दिलं. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारलं होतं, घरात अजून कुणाला? आणि समोरच्या माणसानं हो म्हटलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर भाची एकोणीस वर्षांची झाली. भाऊ तिला घेऊन संभाजीनगरला आला, मी रजा काढली. सोनोग्राफी आत्ताच करायची की नाही हे तिचं तिनं ठरवावं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं. आज फक्त रक्तदाब बघू आणि बोलू. पट्टा सुटला. ११८ वर ७६.

मग त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "घरात कुणाकुणाला आहे?"

भाऊ खुर्चीत सरसावून बसला. "आजीपासून लिहा, सर," तो म्हणाला. "गोळा म्हणायचे त्याला. पण तेच होतं."

डॉक्टरांनी वर एक वर्तुळ काढलं आणि ते पेननं काळं केलं. त्याखाली दादांचा चौकोन, काळा. आत्याचं वर्तुळ, काळं. मग भावाचा चौकोन भरला. माझं वर्तुळ कोरं ठेवलं. भावाच्या चौकोनाखाली रेघ ओढून त्यांनी आणखी एक लहान वर्तुळ काढलं, पेन क्षणभर त्याच्या कडेवर ठेवलं आणि मग उचलून टोपण लावलं.